मेगाब्लॉक घ्या, पण गाड्या चालू ठेवून

महोदय,

‘तांत्रिक देखभालीमुळे शनिवारी रात्री १० पासून रविवारी सायंकाळी ६ पर्यंत सर्व ऑनलाइन सेवा बंद राहतील’ अशा चौकटी वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात. कधी बँकेची, कधी विद्यापीठाची, कधी पालिकेच्या करविभागाची. हल्ली काहींत ‘सर्व्हर फर्मवेअर अद्ययावतीकरण’ (फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या भागांतच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) असे कारणही दिलेले असते. वाचकाला ते पटते, कारण शब्द भारी आहे. पण ज्यांच्याकडे ब्लेड सर्व्हर (एकाच सामायिक पेटीत, म्हणजे चॅसिसमध्ये, खोचलेले पातळ सर्व्हर) आहेत त्यांच्या बाबतीत हे वीस तास बहुतेक वेळा अनावश्यक असतात. ते का, आणि काम कसे करायचे, हे संबंधित खात्यांतल्या मंडळींनीही वाचावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मुंबईत रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा धीम्या मार्गावरच्या लोकल जलद मार्गावर वळवतात. गाड्या रखडतात, काही स्थानकांवर थांबत नाहीत, पण धावतात, कारण रूळ चार आहेत. ब्लेडचे चॅसिस याच हिशेबाने बांधलेले असते. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी चालू असलेले एचपीई (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइज) कंपनीचे सी७००० घ्या. रॅकमध्ये १० यू (रॅकच्या उंचीचे एकक) उंची, त्यात अर्ध्या उंचीची १६ ब्लेड, ६ वीजपुरवठा युनिट, १० पंखे, मागे ८ इंटरकनेक्ट कप्पे (ब्लेडना बाहेरच्या जाळ्याशी जोडणाऱ्या मॉड्यूलचे) आणि देखरेखीला ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची (म्हणजे ओएची) जोडी, एक कामावर आणि दुसरा तयारीत. मधला मिडप्लेन निव्वळ जोडणीचा, त्यात फर्मवेअर नाही. म्हणजे ज्याला फर्मवेअर आहे त्या प्रत्येक गोष्टीला जोडीदार आहे किंवा ठेवता येतो. हे दुहेरीपण विकत घेण्यासाठी पैसे मोजलेले असतात. मग काम निघाले की सगळेच बंद करायचे, याला काय म्हणावे?

काही जण दुसऱ्या टोकाला जातात : चालू आहे ना, मग हात लावू नका. ही सावधगिरी महागात पडू शकते. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये एचपीईने स्वतःच्या काही एसएएस एसएसडींबद्दल (सर्व्हरमधल्या चिपवर आधारलेल्या डिस्कांबद्दल) सूचना काढली. एचपीडी८ या आवृत्तीच्या आधीचे फर्मवेअर असेल तर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, ती डिस्क कायमची बंद पडते आणि तिच्यातला डेटाही परत मिळत नाही. हा आकडा २ चा पंधरावा घात आहे. तास मोजणारा सोळा बिटांचा (ऋण-धन चिन्हासह) आकडा भरला की गणित कोसळते, असा तो दोष असावा. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार, तिथे रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा इतर डिस्कांवर टिकवणारी रचना) काय वाचवणार? २०२०च्या मार्चमध्ये ४०,००० तासांवर थांबणाऱ्या दुसऱ्या काही डिस्कांसाठी तशीच सूचना आली. आयएलओ ४ या व्यवस्थापन चिपमध्येही २.५३च्या आधीच्या आवृत्तीत असे भोक होते, की वेब-विनंतीच्या एका शीर्षकात ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहिले की पासवर्डशिवाय प्रवेश मिळे. ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मात्र आज आलेले फर्मवेअर आजच चढवणेही शहाणपणाचे नाही. २०१८च्या जानेवारीत स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षादोषावरचा उपाय म्हणून आलेल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचाने) यंत्रे आपोआप रिबूट होऊ लागली, आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच ते वाटप थांबवा असे सांगितले. ज्यांनी पहिल्या आठवड्यात सगळ्या ब्लेडवर तो मायक्रोकोड असलेला बायोस (यंत्र सुरू करणारे फर्मवेअर) चढवला होता त्यांना सगळ्यांवरून तो उतरवावा लागला. सुरक्षेचे भोक उघडे पडले असेल तर थांबायचे नाही. एरवी नव्या संचाला महिना-दीड महिना मुरू द्यावे.

आता मुख्य मुद्दा. सर्व्हर बंद होणे आणि सेवा बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फर्मवेअरच्या बऱ्याच तुकड्यांना तर सर्व्हरही बंद लागत नाही. आयएलओ बदलताना तेवढी चिप पुन्हा सुरू होते, दोन-तीन मिनिटे दूरचा कन्सोल जातो, ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही लागत नाही. ओएचेही तसेच. फक्त ओए पुन्हा सुरू होत असताना बंद ब्लेड चालू करायला जाऊ नये. ब्लेडला वीज घेण्याची परवानगी ओएकडून मिळते आणि ते जागेवर नसेल तर ब्लेड वाट पाहत बसते. हे ठाऊक नसलेला माणूस ब्लेड बिघडले म्हणून ते उपसून काढतो. सिस्टिम रॉम (म्हणजे बायोसच), नेटवर्क कार्ड आणि एचबीए (स्टोरेजशी जोडणारे कार्ड) यांचे फर्मवेअर चालू अवस्थेत लिहिता येते, पण ते लागू होते पुढच्या रिबूटला. म्हणजे दिवसा निवांतपणे लिहून ठेवायचे आणि रात्री ब्लेड रिकामे करून नुसते रिबूट करायचे.

‘रिकामे करून’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. एका ब्लेडवरचे व्हीएम (आभासी यंत्रे) इतरत्र हलवायला इतरत्र जागा हवी. १६ ब्लेड, प्रत्येकी २५६ जीबी मेमरी, म्हणजे ४,०९६ जीबी. एक ब्लेड रिकामे करायचे तर वापर ३,८४० जीबीच्या आत हवा. ते रिकामे असतानाच दुसरे एखादे बिघडले तर काय, हा विचार केला की मर्यादा ३,५८४ वर येते, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. प्रत्यक्षात ऐंशीच्या पुढे जाऊ नये. ज्या ठिकाणी वीस तासांची चौकट छापावी लागते तिथे हा आकडा पंचाण्णवच्या घरात असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्षाला एक प्रकल्प चढत गेला, सुटे ब्लेड मात्र कोणी मागितले नाही, आणि निविदेत ते ‘अनावश्यक’ म्हणून खोडले गेले. फर्मवेअरवर खापर फुटते, पण मूळ दोष खरेदीत आहे.

जागा असली तरी हलवायला रस्ताही हवा. २०० जीबी मेमरी १० गिगाबिटच्या जाळ्यावरून पाच-दहा मिनिटांत जाते. तीच १ गिगाबिटवरून गेली तर अर्धा तास, आणि मेमरी सारखी बदलणारा डेटाबेस असेल तर त्याहून जास्त. व्हर्च्युअल कनेक्टमध्ये (इंटरकनेक्ट कप्प्यांतल्या एचपीईच्या मॉड्यूलमध्ये) फ्लेक्स-एनआयसीला (एका पोर्टाच्या तुकड्यांतून बनलेल्या नेटवर्क कार्डांना) वेग वाटून देता येतो आणि कोणीतरी व्हीमोशनच्या (चालू व्हीएम हलवण्याच्या सोयीच्या) वाट्याला १ गिगाबिट ठेवून गेलेला असतो. तो आधी ४ वर न्यावा. मेंटेनन्स मोड (ब्लेड रिकामे करण्याची अवस्था) दोन टक्क्यांवर अडकून बसला तर बहुतेक वेळा एखाद्या व्हीएमला त्याच ब्लेडच्या स्थानिक डिस्कवरचा आयएसओ (सीडीची फाइलरूपी प्रत) जोडलेला असतो, नाहीतर ‘हे दोन व्हीएम एकत्र नकोत’ असा नियम आड येतो. दोन्ही गोष्टी दुपारी चहाच्या आधी तपासता येतात. रात्री दोन वाजता त्यांचा शोध घेण्यात गंमत नाही.

यानंतर येते खोटे दुहेरीपण. इथे माशी सर्वांत जास्त वेळा शिंकते. सी७०००मध्ये ब्लेडच्या अंगभूत नेटवर्क कार्डाचे पहिले पोर्ट इंटरकनेक्ट कप्पा १ ला जाते, दुसरे कप्पा २ ला. पहिले मेझॅनिन (जादा बसवलेले) कार्ड कप्पा ३ आणि ४ ला. फ्लेक्स-१० मध्ये एका १० गिगाबिट पोर्टाचे चार तुकडे होतात, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला दोनाऐवजी आठ कार्डे दिसतात. ईएसएक्सआयमध्ये (व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या प्रणालीत) साधारणपणे व्हीएमएनआयसी० आणि व्हीएमएनआयसी१ हे वेगवेगळ्या कप्प्यांचे, पण व्हीएमएनआयसी० आणि व्हीएमएनआयसी२ एकाच कप्प्याचे. कोणी ० आणि २ ची जोडी लावली असेल तर कागदावर दोन रस्ते आहेत आणि प्रत्यक्षात एक. त्या कप्प्याचे मॉड्यूल रिबूट झाले की ब्लेडचे जाळे जाते. एकेका ब्लेडची जोडी मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या ओळख-क्रमांकावरून) जुळवून पाहणे कंटाळवाणे काम आहे, तरी सोळाही ब्लेडवर ते करावेच.

स्टोरेजसाठी प्रत्येक लनचे (ब्लेडना दिलेल्या स्टोरेजच्या भागाचे) मार्ग मोजावेत. चार असायला हवेत आणि तीन दिसले तर काम तिथेच थांबवावे. मग वर्दळ कमी असताना एका बाजूचा वरचा स्विच पोर्ट मुद्दाम बंद करावा. चाराचे दोन झाले पाहिजेत, पोर्ट चालू केल्यावर पुन्हा चार, आणि वरची सॉफ्टवेअर चालू राहिली पाहिजेत. ही चाचणी टाळून फर्मवेअरलाच चाचणी करायला लावणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

अपडेटच्या आधी आणखी एक गोष्ट करावी, जी जवळजवळ कोणी करत नाही. ब्लेड रिकामे करून आधी काहीही न बदलता नुसते एकदा रिबूट करावे. नऊशे दिवस चालू असलेल्या ब्लेडमध्ये काय काय मेलेले असते ते चालू असताना कळत नाही. ईएसएक्सआय एसडी कार्डावरून सुरू झाला की पुढे मेमरीतून चालतो, कार्ड केव्हाच संपलेले असते आणि रिबूटच्या वेळी ब्लेड उठत नाही. मेमरीची एखादी पट्टीही स्वचाचणीतच पकडली जाते. हा कोरा रिबूट न करता फर्मवेअर चढवले आणि ब्लेड उठले नाही, तर दोष कोणाचा यावर कंपनी आणि खाते यांच्यात चार दिवस ईमेल चालतात. दहा-पंधरा मिनिटांत हा वाद मिटतो. आयएलओ ४ मध्ये तर अंगभूत फ्लॅश खराब होण्याची जुनी खोड आहे. आयएलओच्या स्वचाचणीत फ्लॅशसमोर त्रुटी दिसत असेल तर आधी आयएलओ २.६१ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर नेऊन फ्लॅश फॉरमॅट करावा आणि मगच पुढे जावे. आयएलओ पूर्ण गोठला असेल तर ओएच्या कमांडवरून त्या कप्प्याची वीज क्षणभर तोडता येते, ब्लेड हाताने उपसावे लागत नाही. फक्त क्रमांक दोनदा वाचून टाकावा. १ ऐवजी ११ दाबले तर चालू ब्लेडही तितक्याच आज्ञाधारकपणे बंद पडते.

क्रमाबद्दल : सी७०००साठी सर्वसाधारणपणे आधी ओए, मग ब्लेड, शेवटी व्हर्च्युअल कनेक्ट. त्या संचाच्या प्रकाशन-टिपेत वेगळे लिहिले असेल तर तेच प्रमाण. एसपीपी हा एचपीईचा फर्मवेअर आणि ड्रायव्हरांचा एकत्रित संच वापरावा, सुटे सुटे नवे तुकडे गोळा करू नयेत. नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर नवे आणि ड्रायव्हर जुना अशा जोडीत कार्ड दिसते, लिंकही दिसते, आणि भार आला की पोर्ट पडतो. म्हणून फर्मवेअर आणि ड्रायव्हर एकाच फेरीत, सुसंगततेच्या तक्त्यातल्या जोडीनेच. जाता जाता सांगायचे तर, २०१४च्या फेब्रुवारीत प्रोलायंट (म्हणजे याच कंपनीच्या) सर्व्हरचे सिस्टिम रॉम आणि एसपीपी मिळवायला वॉरंटी किंवा देखभाल करार आवश्यक करण्यात आला. कराराचे नूतनीकरण लेखापरीक्षणात अडकले असेल तर फर्मवेअरही अडकते, हे हिशेब तपासनिसांना कोणीतरी सांगायला हवे.

पहिल्या रात्री एकच ब्लेड करावे, कमी महत्त्वाचे. त्यावर मग खरा भार टाकून आठवडाभर पाहावे. त्यानंतर रोज रात्री चार. एका ब्लेडचा हिशेब असा : रिकामे करायला १० मिनिटे, रिबूट आणि लागू होणे ४० मिनिटे, मार्ग मोजून भार परत घ्यायला १० मिनिटे. तासाला एक. पंधरा उरलेली ब्लेड चार रात्रींत संपतात, सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी सुरुवात नको, कारण शनिवारी कंपनीचा वरच्या पातळीवरचा माणूस फोनवर सापडत नाही. ‘एकदम सगळे बंद करून तीन तासांत उरकू’ हा हिशेब वरवर स्वस्त दिसतो. त्यात एखादे ब्लेड न उठल्यास पर्याय काय, याला जागा नाही, आणि तिथेच तीनाचे वीस तास होतात.

आभासी मीडियावरून (आयएलओमार्फत दुरून) आयएसओ लावून अपडेट करणार असाल तर एका वेळी दोनच ब्लेड घ्यावीत. सगळ्या आयएलओंचा रस्ता ओएच्या एकाच अरुंद जोडणीतून जातो. कित्येक जीबींचा आयएसओ आठ ब्लेडनी एकदम ओढायला घेतला तर मध्येच तुटतो, आणि मध्येच तुटलेले फर्मवेअर ही सर्वांत वाईट अवस्था. रॉमच्या दोन प्रती असतात म्हणून तिथे जुन्यावर परतता येते, नेटवर्क कार्डाला बहुधा ती सोय नसते. याच कारणासाठी वीजपुरवठ्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या यूपीएसवर आहेत ना, हे आधी पाहावे. सहाही केबल एकाच पट्टीत खोचलेल्या असल्याचे आम्ही नेहमी ऐकतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगराची वीज गेली तेव्हा ज्यांची दुसरी बाजू नावापुरती होती त्यांना कळले असेल.

प्रोसेसरच्या मायक्रोकोडचा एक सापळा आहे. नव्या मायक्रोकोडने काही नव्या सुविधा उघड होतात. नव्या ब्लेडवर सुरू केलेला व्हीएम मग जुन्या ब्लेडवर परत जायला नकार देतो, आणि अर्ध्या रात्री निम्मे चॅसिस एकतर्फी होते. क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या ब्लेडच्या गटात) इव्हीसी (प्रोसेसरच्या सुविधा सगळीकडे सारख्या ठेवणारी सेटिंग) चालू असेल तर सगळी ब्लेड बदलेपर्यंत त्या सुविधा झाकून ठेवल्या जातात. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचे कुलूप) असेल तर बायोस बदलण्याआधी तो तात्पुरता स्थगित करावा, नाहीतर यंत्र उठताना ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागते, आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते तो कधी कधी हाच असतो.

व्हर्च्युअल कनेक्ट शेवटी, आणि स्वतंत्र रात्री. आधी डोमेनचा (म्हणजे व्हर्च्युअल कनेक्टच्या सगळ्या मांडणीचा) बॅकअप चॅसिसच्या बाहेर ठेवावा. जुन्या आवृत्तीवर परतायची वेळ आली तर डोमेन नव्याने उभे करून तोच भरावा लागू शकतो. मग व्हीसीएसयू या अपडेट करण्याच्या साधनाची आरोग्य तपासणी, आणि सक्रिय करण्याचा क्रम विषम-सम. विषम कप्पे आधी पुन्हा सुरू होतात, सम नंतर, म्हणजे एका वेळी एकच बाजू जाते. ‘पॅरलल’ हा पर्यायही तिथेच आहे. घाईत तो निवडला की सोळाही ब्लेड एकदम जाळ्याबाहेर. दोन बाजूंच्या मध्ये ठेवायचा विलंब मिनिटांत देता येतो. तो भरपूर द्यावा, किंवा सरळ हाताने सक्रिय करून मधे मार्ग मोजावेत.

इतके करूनही ‘अर्धा मिनिट सगळे थांबले’ अशी तक्रार येते, त्याचे कारण वरच्या स्विचमध्ये असते. मॉड्यूल परत आले, लिंक लागली, ब्लेडने आनंदाने भार तिकडे वळवला, पण वरचा स्विच स्पॅनिंग ट्रीच्या (जाळ्यात वर्तुळ होऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या) ऐकण्याच्या १५ आणि शिकण्याच्या १५ सेकंदांत अडकलेला. त्या ३० सेकंदांत पाकिटे कुठेच जात नाहीत. म्हणजे सेवा मॉड्यूल जाताना पडत नाही, परत येताना पडते. उपाय दोन : त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट टाळणारी सेटिंग) लावणे, किंवा ब्लेडच्या बाजूने परतीचा प्रवास बंद ठेवणे. लिनक्स बाँडिंगमध्ये (कार्डे जोडीने वापरण्याच्या सोयीत) ‘अपडिले’ (परतण्याआधी थांबायचा वेळ) ६०,००० मिलिसेकंद ठेवला तरी काम होते. उलट, वरची लिंक गेली आणि खालच्या ब्लेडला कळलेच नाही असे होऊ नये म्हणून व्हर्च्युअल कनेक्टमध्ये स्मार्टलिंक चालू हवे.

सिस्को यूसीएसवाल्यांसाठी (म्हणजे सिस्कोची ब्लेड वापरणाऱ्यांसाठी) थोडक्यात. तिथे आधी यूसीएस मॅनेजर, मग दुय्यम फॅब्रिक इंटरकनेक्ट (ब्लेडना जाळ्याशी जोडणारा स्विच), मग मुख्य. मुख्य रिबूट करण्याआधी यंत्रणा थांबते आणि तुमची संमती मागते. ही संमती औपचारिकता नाही. दुय्यम बाजूचे सगळे मार्ग परत आले हे मोजल्याशिवाय ती देऊ नये. आणि सर्व्हिस प्रोफाइलचे (ब्लेडच्या मांडणीच्या नोंदीचे) मेंटेनन्स धोरण ‘इमिजिएट’ असेल तर होस्ट फर्मवेअर पॅकेजमध्ये आवृत्ती बदलून सेव्ह दाबताक्षणी ते पॅकेज वापरणारी सर्व ब्लेड एकदम रिबूट होतात. धोरण ‘यूझर अ‍ॅक’ ठेवावे, म्हणजे ब्लेड रांगेत उभी राहतात आणि एकेकाला सोडता येते.

मग खरा डाउनटाइम कुणाला लागतो? क्लस्टर नसलेला, थेट ब्लेडवर बसवलेला एकट्याचा डेटाबेस. लायसन्स एका विशिष्ट मॅक पत्त्याला बांधलेली जुनी प्रणाली. क्लस्टर असलेल्या डेटाबेसलाही नोड बदलताना काही सेकंद ते एक-दोन मिनिटे. अशांची यादी करावी, ती बहुधा एका हाताच्या बोटांवर मावते, आणि तेवढ्यापुरती वेळ जाहीर करावी. कराच्या सवलतीची शेवटची तारीख, ३१ मार्च, निकालाचा दिवस वगळून. चौकटीत ‘मंगळवारी रात्री १:३० ते १:४५, फक्त कर भरणा’ एवढे छापायला जागाही कमी लागेल.

आपले,
डेटा सेंटर देखभालीत काम करणारे काही अभियंते, पुणे